मानाचं टेबल

दहिसर,
१० नोव्हेंबर १९८६

अहो,

भाऊबीज होऊन आठवडा होत आला, तरी मी परत का आले नाही हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर कारण तुम्हाला माहीत आहे. नाहीतर तुम्ही अजून टेबलाखालीच आहात आणि मी गेले हे तुमच्या लक्षातच आलेलं नाही.

दोन्ही धरून लिहिते. ते टेबल घरातून जाईपर्यंत मी येणार नाही.

दत्तारामदादाला मी सांगितलं होतं की तुम्ही कारखान्याच्या कामाने बाहेरगावी गेलात. तो म्हणाला, छत्र्यांच्या कारखान्याचं नोव्हेंबरात बाहेरगावी काय काम? मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हटलं, पार्ल्याला रणधुरंधर मंडळ म्हणून एक मंडळ आहे. तिथे चष्मे लागलेली, बँकांतून आणि कचेऱ्यांतून कामाला असलेली माणसं दिवाळी संपली की पोरांच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे घेऊन टेबलावर लढाया खेळतात. फूटपट्टीने मोजून मावळा पुढे सरकवायचा, समोरासमोर आले की फासे टाकायचे, ज्याला कमी पडतील त्याचा मावळा आडवा. शेवटी जो जिंकतो त्याला ढाल नाही, पेला नाही, आठ फूट बाय पाच फूट टेबल मिळतं. त्यावर प्लास्टरचा अख्खा सह्याद्री, गड, आणि गडावर मावळे. हे टेबल वर्षभर घरात ठेवायचं, हाच मान. आणि गेल्या वर्षी हा मान माझ्या नवऱ्याने मिळवला, दहा बाय बाराच्या खोलीत.

दादा म्हणाला, "आणि तुझ्या घोवाक कोणी अडवूक नाय?"

मी काय सांगणार? ज्या दिवशी गॅलरीचा कठडा काढून ते दोरांनी वर चढवलं, त्या दिवशी खाली उभी राहून पेढे मीच वाटत होते.

पण आता पुरे. खोलीत दुसरी जागा नाही म्हणून टेबलाखाली झोपायचं, आणि त्याच्या मधल्या दांडीमुळे वर्षभर मला पाय सरळ करता आलेले नाहीत. कूस बदलली की टेबल हलतं, टेबल हललं की वर टक् करून मावळा पडतो, आणि पडलेला मावळा तत्काळ उभा केलाच पाहिजे हा तुमच्या मंडळाच्या नानांचा नियम. कारण नाना कधीही तपासणीला येतात. डिंकाने चिकटवू का विचारलं तर म्हणाले, "वहिनी, डिंक म्हणजे गुलामगिरी." मग तुम्ही उठता, मावळा उभा करता, आडवे होता, टेबल हलतं, दुसरा पडतो. आणि सकाळी उठताना डोकं आपटतं ते वेगळंच. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून चंपावहिनीने मला बाजूला नेऊन विचारलं, जावईबापू हात उचलतात का म्हणून. म्हटलं नाही गं बाई, सह्याद्री आहे तो.

या वर्षी हरा. मला दुसरं काही नको.

प्रेमा

ता. क. इथे मी ढाराढूर झोपते.


घाटकोपर,
१३ नोव्हेंबर १९८६

प्रिय प्रेमा,

तू गेलीस हे मला पहिल्याच सकाळी कळलं. उठताना "डोकं सांभाळा" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून ते आपटलं. तेव्हापासून रोज सकाळी कळतं आहे.

हरायचं मी कधीच ठरवलंय. पण त्यात एक अडचण आहे. तुला नाना माहीत आहेत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तो सह्याद्री त्यांनी स्वतःच्या हाताने केलाय, आणि नियमही त्यांचेच. त्यांत असं आहे की जो मुद्दाम हरेल त्याचं नाव वर्षभर मंडळाच्या फळ्यावर, आणि टेबल कायमचं त्याच्याचकडे. मी सहज म्हणून विचारलं, मुद्दाम हरला हे ओळखायचं कसं? नाना म्हणाले, "सहदेव, जिंकणं कसंही चालतं. हरणं मनापासून असलं पाहिजे. आणि ते मला दिसतं."

म्हणजे मला प्रामाणिकपणे हरावं लागणार. पण काळजी करू नकोस, माझी अवस्था चांगली आहे. झोप अजिबात नाही. परवा कारखान्यात छत्र्या तपासायला बसलो होतो. प्रत्येक छत्री उघडून, आतून बघून मिटायची असते. एक उघडली, आत बघितलं आणि तिथेच झोप लागली. साहेब आले तर त्यांना खुर्चीवर नुसती एक छत्री आणि खाली दोन पाय दिसले. असा माणूस लढाई जिंकेल असं तुला वाटतं का? रविवारी पहिला सामना बोरिवलीच्या मधुकरशी आहे. तो विम्याच्या कचेरीत आहे, हुशार आहे आणि रोज आठ तास झोपतो.

एक सांगतो, चिडू नकोस. गिरणी बंद पडल्यापासून मी जिंकलेली ती एकच गोष्ट होती. म्हणून गेल्या वर्षी खोलीचं माप घ्यायचं राहून गेलं.

तुझा,
सहदेव


घाटकोपर,
१७ नोव्हेंबर १९८६

प्रिय प्रेमा,

काल सामना झाला. मधुकर फार चांगला माणूस आहे. इकडे थंडी पडायला लागली आहे. तुझी तुळस बरी आहे. शेजारच्या माई तुझी आठवण काढतात. स्टोव्हची पिन सापडत नाही, कुठे ठेवलीस? थंडी यंदा जरा लवकरच पडली असं सगळे म्हणतात.

सहदेव


दहिसर,
२० नोव्हेंबर १९८६

अहो,

पिन मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून टोचून ठेवली आहे. जपून वापरा, एकच आहे.

तुम्ही थंडीबद्दल बोलायला लागलात की काहीतरी लपवता. गिरणीला टाळं लागलं तेव्हाही तुम्ही आठवडाभर मला थंडीच सांगत होतात, आणि तो निदान जानेवारी तरी होता. इथे मी नुसती साडी नेसून ओसरीत बसते आणि मला घाम येतो.

शिवाय दादाला बोरिवलीच्या मंडईत मधुकर भेटला. त्याने सगळं सांगितलं. पहिल्याच चालीला तुम्ही फूटपट्टीवर हात ठेवलात, डोळे मिटलेत आणि हललाच नाहीत. मंडळाच्या नियमांत वेळेचं बंधन नाही. मधुकरला वाटलं तुम्ही विचार करताय. गेल्या वर्षीचा विजेता म्हणून मान राखून तो बसून राहिला. जेवणाची वेळ गेली, चहाची गेली. आपलं काय चुकलंय हे शोधायला त्याने आपली सगळी फौज पुन्हा पुन्हा तपासली आणि त्याला तीत इतक्या चुका सापडल्या की तो हबकून गेला. शेवटी घरी सासुरवाडीची मंडळी यायची होती, म्हणून त्याने हात जोडले आणि हार मानून निघून गेला. दादाला म्हणाला, "असं दडपण मला जन्मात कधी आलं नव्हतं हो. तुमचे मेहुणे साधे गृहस्थ नाहीत."

आता मंडळात त्याला 'सहदेवची चाल' म्हणतात म्हणे.

हे असं चालणार नाही. जागेपणी तुम्ही हरता, हे मला पत्त्यांवरून माहीत आहे. तेव्हा जागे राहा. सामन्याआधी दोन कप कडक चहा घ्या आणि डोळ्यांखाली बाम चोळा. माझे वडील गिरणीत रात्रपाळीला जाताना तेच करायचे. झणझणलं की माणूस डुलकी काढू शकत नाही.

प्रेमा

ता. क. वहिनी म्हणते, मधुकरने बाजारात दादाची वांग्यांची पिशवी स्वतः उचलून घेतली. तुमच्यामुळे दादाला आता मान आहे. तो आता तुमच्या बाजूने बोलायला लागला आहे, हा आणखी एक त्रास.


घाटकोपर,
२४ नोव्हेंबर १९८६

प्रिय प्रेमा,

थंडी नाही. मी जिंकलो.

तू सांगितलंस तसंच केलं. दोन कप चहा घेतला आणि बाम चोळला. घाईत तो डोळ्यांखाली न लागता डोळ्यांत गेला. मग डोळे उघडेचनात. समोर मुलुंडचा माणिक, बँकेत रोखपाल, स्वभावाने कडक. त्याने त्याची फौज मांडली असावी, मला दिसत नव्हती. मी डोळे मिटून पाणी गाळत बसलो होतो. अंधार झाला की शरीराला काय वाटतं ते तुला माहीतच आहे. मान गेली आणि माझं कपाळ थेट माणिकच्या छावणीत उतरलं.

शुद्धीवर आलो तेव्हा नाना शिट्टी वाजवत होते. माणिकचा सेनापती, त्याचे सगळे भालेकरी आणि एक हत्ती आडवे झाले होते. माझे म्हणशील तर काठावरचे दोघे-तिघे. नानांनी नियमांची वही उघडली आणि वाचलं: "पटावर आडवा झालेला मावळा मेला असे समजावे. तो कोणी पाडला हे विचारू नये."

माणिक म्हणाला, "नाना, हे डोकं आहे. तोफ नाही."

नानांनी फूटपट्टी घेऊन माझ्या खुर्चीपासून छावणीपर्यंतचं अंतर मोजलं आणि सांगितलं की डोकं एका चालीच्या अंतरातच आहे, म्हणून चाल कायदेशीर. माणिक तेव्हापासून कोणाशी बोलत नाही. माझ्या कपाळावर सेनापतीची तलवार उमटली आहे, ती अजून गेलेली नाही.

आता अंतिम सामना. तो नेहमी मानाच्या टेबलावरच होतो, म्हणजे येत्या रविवारी आपल्याच खोलीत. समोर पार्ल्याचे श्यामकांतराव. माझी सगळी आशा आता त्या माणसावर आहे. हे टेबल मिळावं म्हणून ते किती वर्षं झुरताहेत. त्यांचा दिवाणखाना आपल्या खोलीच्या तिप्पट आहे. त्यांनी टेबलासाठी कोपरा रिकामा ठेवलाय आणि त्यांच्या उत्तराबाईंनी मखमलीचं आच्छादन शिवून तयार ठेवलंय. त्यांना टेबल हवंय, मला नको आहे. इतकी सरळ गोष्ट, पण मधे लढाई आहे.

हरेन असं वचन मी देत नाही. माझ्या हातात आता काही राहिलेलं नाही. मला वाटलं होतं तू गेल्यावर खोलीत निदान जागा तरी होईल. तसं काही झालं नाही. नुसतं टेबलच मोठं झाल्यासारखं वाटतं.

तुझा,
सहदेव


दहिसर,
२७ नोव्हेंबर १९८६

अहो,

बाम डोळ्यांत घालणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता.

रविवारी मी येणार नाही. गॅलरीत त्या माणसांच्या चपलांचा ढीग, आत नानांची शिट्टी, हे मला बघायचं नाही. कपबशा पुरणार नाहीत, माईंकडून मागून घ्या. साखर वरच्या फळीवर आहे, पण ती काढताना तुमचं डोकं टेबलाच्या कडेला लागणार, म्हणून शनिवारीच उजेडात काढून ठेवा.

मी इथे अगदी मजेत आहे. माझी काळजी नको. वहिनीने मला ओसरीत ऐसपैस अंथरूण घातलंय, पाय हवे तेवढे लांब करता येतात. वर काही नाही, नुसतं छप्पर. फार शांत आहे. काल नाक्यावर दोन ट्रक-ड्रायव्हरांचं भांडण झालं. एकाची मुलगी यंदा दहावीला आहे आणि गणितात कच्ची आहे. दुसऱ्याचा टायर कोणीतरी पळवला. पहाटे त्यांचं मिटलं आणि दोघांनी एकत्र चहा घेतला, बरं वाटलं.

दादा म्हणतो तुम्ही जिंकणार. मी त्याच्याशी बोलत नाही.

प्रेमा


घाटकोपर,
३० नोव्हेंबर १९८६

प्रिय प्रेमा,

तू टेबलाखाली झोपली आहेस आणि मी तुझ्यापासून चार हातांवर, स्टोव्हपाशी बसून हे पत्र लिहितो आहे. तुला उठवून सांगता आलं असतं. पण मग आज जे झालं त्याला काही अर्थ राहणार नाही. म्हणून हे लिहून तुझ्या उशाशी ठेवतो.

तू आलीस तेव्हा लढाई अगदी बरोबरीत होती. श्यामकांतरावांची फौज घाटाखाली, माझी गडावर. दारात माणसं, गॅलरीत माणसं. तू पिशवी घेऊन आत आलीस तशी सगळे सरकले. मी "ये" म्हटलं, पण ते तुला ऐकू गेलं नसावं. तू कोणाकडे बघितलं नाहीस. पिशवी ठेवलीस, पदर खोचलास, वाकलीस आणि टेबलाखाली आपल्या जागेवर जाऊन आडवी झालीस. एवढ्या गर्दीत, एवढ्या झोपेतसुद्धा तुझं डोकं कुठे लागलं नाही. नानांनी विचारलं, "वहिनींना बरं नाही का?" मी म्हटलं, "झोप आली आहे."

मग ते ड्रायव्हरांचं भांडण मला आठवलं. अगं, ढाराढूर झोपणाऱ्या बाईला कोणाची मुलगी गणितात कच्ची आहे हे कसं कळतं? पत्र आलं तेव्हा मी झोपेत वाचलं होतं, म्हणून डोक्यात शिरलं नव्हतं.

तेवढ्यात श्यामकांतरावांनी हल्ला केला आणि नाना म्हणाले, "सहदेव, फासे." मी फासे उचलले. आता फासे पटावरच पडले पाहिजेत हा नियम आहे, आणि या फळीवर काही पडलं की खाली केवढा आवाज होतो हे वर्षभर खाली झोपलेल्या माणसाला सांगायला नको. मी फासे परत ठेवले.

"टाका ना," नाना म्हणाले.

"नाही टाकत."

"मग शून्य धरू?"

"धरा. पण हळू बोला."

समोर शून्य असल्यावर श्यामकांतरावांनाही फासे टाकायची गरज राहिली नाही. ते नुसते एकेक मावळा उचलून पुढे ठेवत गेले आणि मी माझे एकेक आडवे करत गेलो, आवाज न करता. इतकी शांत लढाई मंडळाने कधी पाहिली नसेल. गॅलरीतले लोकसुद्धा कुजबुजत होते. तरी गड माझ्याकडेच होता, कारण घोडदळ शाबूत होतं. तेव्हा तू कूस बदललीस. माझे सगळेच्या सगळे घोडेस्वार पडले.

श्यामकांतराव सज्जन माणूस. म्हणाले, "हे धरू नका हो नाना." मीच म्हटलं, नियम आहे, कोणी पाडला हे विचारू नये. दारात उभ्या असलेल्या माणिकने इतका मोठा श्वास सोडला की वाटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त दिवस झोप नव्हती.

मग नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता वाट लागली. मुद्दाम हरलास म्हणणार, फळ्यावर नाव, टेबल कायमचं इथेच. त्यांनी खिशातली बॅटरी काढली, वाकून टेबलाखाली बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि वर येताना त्यांचं डोकं धाडकन दांडीवर आपटलं. तू तेवढ्यानेही उठली नाहीस. नाना डोकं चोळत बसले. वर्षभर आपण काय केलं हे त्यांना तेव्हा समजलं असावं. वहीत फक्त लिहिलं: "सहदेव पराभूत. मनापासून."

उद्या सकाळी श्यामकांतराव माणसं आणि दोर घेऊन येतील. टेबल जाईल. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, आणि थोडं वाटलंही. पण तू आत येऊन झोपलीस तेव्हा मला जे वाटलं ते गेल्या वर्षी जिंकल्यावर वाटलं नव्हतं.

आता मीही आडवा होतो. माझ्या बाजूने येतो, तुला धक्का लागू देत नाही.

तुझा,
सहदेव


घाटकोपर,
१ डिसेंबर १९८६

अहो,

तुम्ही झोपला आहात, म्हणून तुमच्याच पत्राच्या मागे लिहिते.

पत्र वाचलं. दहिसरला मी एक रात्रही झोपले नाही. पाय सरळ झाले की डोळे उघडे राहायचे. हात वर केला की फळी लागायची सवय झालेली, तिथे हात वर करायचा आणि नुसता वारा. वहिनीला सांगायची लाज वाटत होती, तुम्हाला तर त्याहून. शनिवारी ठरवलं, हरोत नाहीतर जिंकोत, जायचं. जिंकला असतात तरी मी आलेच होते. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण तुम्ही सगळं लिहिलंत म्हणून सांगते.

सकाळी श्यामकांतराव आले. बरोबर हमाल, दोर, उत्तराबाई आणि ते मखमलीचं आच्छादन. पाठोपाठ नाना, डोक्याला पट्टी बांधून. हमालांनी कठडासुद्धा काढला. पण टेबल उचलायचं तर आधी तुम्हाला बाहेर काढायला हवं. नाना म्हणाले, "पाय धरून हळूच ओढू या, कळणारही नाही." श्यामकांतराव वाकून तुमचे पाय धरणार, तेवढ्यात मी मधे उभी राहिले. म्हटलं, आज नाही.

"अहो, पण हमाल," श्यामकांतराव म्हणाले.

म्हटलं, माणूस झोपलाय.

मी. जी हे टेबल जाईपर्यंत घरात पाऊल टाकणार नव्हते. माझं मलाच हसू येत होतं, पण हसले तर तुम्ही उठाल म्हणून दाबून धरलं. सगळ्यांना गॅलरीत बसवून चहा दिला. सगळे कुजबुजत प्यायले, हमालसुद्धा. मग त्यांनीच कठडा परत बसवला, आणि श्यामकांतराव हातात चपला घेऊन जिना उतरले. पुढच्या रविवारी येतील. उत्तराबाईंनी आच्छादन परत नेलं नाही. म्हणाल्या, पहाटेचा गारवा आहे, असू दे. ते तुमच्या अंगावर आहे. जांभळं आहे, सोनेरी झालर लावलेलं. तुम्हाला शोभतं.

कारखान्यात माईंच्या मुलाकडून कळवलंय की इकडे फार थंडी पडली आहे, दोन दिवस येता येणार नाही.

आता मी पलीकडच्या बाजूने परत आडवी होते. तुम्ही आत्ताच कूस बदललीत, वर एक मावळा पडलाय. पडू दे.

उठताना डोकं सांभाळा.

प्रेमा